फिकट हिरवी भिंत

१

निवृत्त माणसाला लोक सहसा सल्ले देतात. माझ्या मुलीने प्रोजेक्टर दिला.

उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, डाव्याचं व्हायचं होतं, आणि टीव्हीवरची अक्षरं मला मुंग्यांच्या रांगेसारखी दिसत होती. "बाबा, आता भिंतभर चित्र बघा," ती म्हणाली. ती दोन तासांच्या अंतरावर राहते आणि जमेल त्या रविवारी येते. त्या रविवारी तिने यंत्र स्टुलावर ठेवलं, मेनू मराठीत लावून दिला, आमच्या जुन्या कॅसेटवरचं चित्रीकरण पेन ड्राइव्हवर घालून आणलं होतं ते यंत्रात खोचलं आणि संध्याकाळच्या बसने गेली.

ज्याने कुणी तो मेनू मराठीत आणला त्याला माझा नमस्कार. ब्राइटनेसचं 'तेज' केलंय, ते ठीक आहे. पण कॉन्ट्रास्टचं केलंय 'विरोध'. विरोध: पन्नास. आमच्या घरात तो पन्नासावर कधी थांबल्याचं मला आठवत नाही.

तेज, विरोध, रंग, छटा, उबदारपणा असं करत मी शेवटच्या ओळीवर आलो. तिथे यंत्राने मला विचारलं: 'भिंतीचा रंग?'

पडदा नसेल आणि चित्र थेट भिंतीवर पाडायचं असेल, तर भिंत कोणत्या रंगाची आहे ते यंत्राला सांगावं लागतं. मग ते तेवढा रंग चित्रातून वजा करतं. पर्याय दिले होते: पांढरा, फिकट पिवळा, गुलाबी, फिकट हिरवा, फिकट निळा.

मी एकटाच मोठ्याने हसलो. बावीस वर्षं या घरात हा एकच प्रश्न पडून होता. बैठकीच्या खोलीची ही भिंत बायकोने हौसेने रंगवून घेतली. तिच्या मते ती निळी. माझ्या मते हिरवी. बाकीच्या तीन भिंती त्यानंतर दोनदा रंगवून झाल्या. हिला हात लावायचा तर रंगाऱ्याला रंगाचं नाव सांगावं लागलं असतं, म्हणून ही तशीच राहिली.

मी 'फिकट हिरवा' निवडलं. बायकोला जाऊन पावणेदोन वर्षं झाली होती. कुणी हरकत घेतली नाही. वाद जिंकल्यावर एवढं ओकंबोकं वाटेल अशी कल्पना नव्हती.

२

आता खरं कारण सांगतो. मी तिचा चेहरा विसरत चाललो होतो.

नाक, कपाळ, हनुवटीवरचा व्रण हे सगळं अर्जातल्या वर्णनासारखं आठवायचं, पण ते एकत्र येऊन चेहरा होत नव्हता. विशेषतः रंग. तिच्या गालांचा नेमका रंग कोणता, हे मला सांगता येईना. तिचे फोटो म्हणाल तर एक ओळखपत्रावरचा, ज्यात कुणीही फरारी दिसतं, आणि बाकीचे घोळक्यातले, ज्यांत ती बरोबर बटण दाबायच्या क्षणी डोळे मिटायची.

राहिले अकरा सेकंद.

भिंत रंगवली त्या दिवशी मी ऑफिसातल्या हेडक्लार्ककडून कॅमेरा उसना आणला होता. खोलीतलं सामान मधोमध ओढलेलं, जमिनीवर वर्तमानपत्रं पसरलेली, भिंत ओली. स्वयंपाकघराच्या दारातून ती येते. चपला कागदाला चिकटतात आणि सुटतात, चट, चट. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला रंग लागलेला, कारण वाळेपर्यंत दम धरवेना म्हणून तिने बोट लावून पाहिलं होतं. तो ठसा आजही विजेच्या बटणांच्या पाटीखाली आहे. डाव्या हातात रंगांच्या नमुन्याचं कार्ड, छातीशी धरलेलं, कार्डाची पाठ आपल्याकडे. ती भिंतीसमोर उभी राहते, थेट माझ्याकडे बघते आणि म्हणते, "हिरवा म्हणे! अहो, आधी डोळे तपासून घ्या." आणि हसते.

इथे चित्रीकरण संपतं. मला हसलेलं आवडलं नाही, म्हणून मी बटण दाबलं.

त्या कार्डावर आमच्या भिंतीच्या रंगासमोर खूण केलेली होती आणि खाली त्याचं नाव छापलेलं होतं. दुसऱ्या दिवशी ते कार्ड हरवलं. हरवलं म्हणजे मी ते रद्दीत घातलं. न वाचता. आता सांगायला हरकत नाही.

रोज दुपारी तीन वाजता मी पडदे ओढायचो आणि त्या अकरा सेकंदांवर काम करायचो. पहिल्या दिवशी ती तापाने फणफणलेली दिसली. छटा दोन घरं खाली आणली तर कावीळ झाल्यासारखी. उबदारपणा कमी केला तर सात दिवस पाण्यात ठेवल्यासारखी. चौतीस वर्षं आवक-जावक विभागात काढलेला माणूस मी. एका वेळी एकच आकडा बदलायचा आणि वहीत लिहून ठेवायचा, हे मला शिकवायला लागत नाही. सहाव्या दिवशी ती जवळजवळ तीच झाली. मी सगळे आकडे लिहिले. तेज सेहेचाळीस, विरोध बावन्न, छटा उणे तीन, भिंतीचा रंग फिकट हिरवा. खाली तारीख आणि सही.

३

सातव्या दिवशी चित्र लावलं तर ती वेगळीच दिसली. वाईट नाही. वेगळी. मी मेनू उघडला. सगळे आकडे जागच्या जागी होते. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'फिकट निळा'.

आदल्या दिवशी बंद करताना अंगठा पडला असणार, असं म्हणून मी 'हिरवा' लावला. आठव्या दिवशी 'निळा'. लावला 'हिरवा'. नवव्या दिवशी 'निळा'.

माणसाने आधी स्वतःवर संशय घ्यावा, मग यंत्रावर, आणि मगच इतरांवर. मी माझे डोळे तपासले. इथे एक गोष्ट कबूल करायला हवी, जी मी डॉक्टर सोडून कुणाला सांगितलेली नाही. ऑपरेशन झालेल्या उजव्या डोळ्याने बघितलं की ती भिंत निळसर दिसते. डाव्याने हिरवी. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पिवळा चष्मा लावल्यासारखं करतो, नवीन डोळा खरा रंग दाखवतो. मी त्यांना विचारलं की बावीस वर्षांपूर्वी कुठे होता मोतीबिंदू? ते म्हणाले, तेव्हाचं मला कसं माहीत असणार. थोडक्यात, माझ्याच एका डोळ्याने फितुरी केली होती. पण डोळा फितूर झाला तरी तो उठून रिमोट दाबत नाही.

मग यंत्रावर संशय. दुकानात फोन केला. तिथल्या माणसाने सांगितलं की हे सेटिंग आपोआप बदलत नाही. "घरात दुसरं कुणी वापरतंय का?" त्याने विचारलं. मी फोन ठेवला.

दहाव्या दिवशी 'हिरवा' लावून मी पद्धतशीर काम केलं. रिमोटमधले सेल काढून पाकिटात घातले, पाकीट डकवलं, जोडावर आडवी सही केली. यंत्रावरच्या बटणांवर कागदाची पट्टी चिकटवली, तिच्यावरही सही. तार भिंतीतून काढून माझ्या कपाटात ठेवली. आमच्या ऑफिसात याहून कमी बंदोबस्तात प्रश्नपत्रिका ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत.

अकराव्या दिवशी दुपारी पाकीट शाबूत, पट्टी शाबूत, सह्या माझ्याच. तार जोडली, सेल घातले.

फिकट निळा.

आणि खोलीत ताज्या रंगाचा वास येत होता. मी खिडकी उघडली. बाहेरून वास आला असेल म्हणून, की आतला जावा म्हणून, ते तेव्हा मला ठरवता आलं नाही.

४

तक्रार करायची सवय जात नाही. त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला तेव्हा मी सगळं सांगून टाकलं.

"बाबा, तुम्हीच बदलत असाल. आणि विसरत असाल."

"सह्या मोडल्याशिवाय?"

"सह्या तुमच्याच आहेत ना? मग पाकीटही तुम्हीच पुन्हा डकवलं असेल."

हा मुद्दा बिनतोड होता. माझीच मुलगी.

"गेल्या महिन्यात दूध दोनदा करपलं," ती म्हणाली. "नळ चालू ठेवून झोपलात, खालच्या काकू बादली घेऊन वर आल्या."

"बादली त्या पाण्यासाठी नेहमीच घेऊन येतात. रिकामी न्यावीशी वाटत नाही, एवढंच."

"हसण्यावारी नेऊ नका. मी मागेच म्हटलं होतं, माझ्याकडे या. भाडेकरू मिळतोय, चांगला आहे. फक्त म्हणतोय की सगळ्या भिंती पांढऱ्या करून द्या."

"सगळ्या?"

"बाबा, एक भिंत आहे ती." तिचा आवाज मऊ झाला. "मला रात्री झोप लागत नाही हो. तुम्ही एकटे तिथे, गॅस, जिना, काय काय डोळ्यांसमोर येतं. रविवारी येते मी. मुक्कामाला. स्वतः बघते. तुम्ही बदलत असाल तर मग वाद घालायचा नाही. सामान बांधायचं."

"आणि मी बदलत नसेन तर?"

डोकं ठिकाणावर आहे हे सिद्ध करायचं तर दुसरं काहीतरी मान्य करावं लागणार होतं, आणि ते मान्य करणाऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे असं कोण म्हणेल?

५

शनिवारी मी वेगळं केलं. 'निळा' होता, तो तसाच ठेवला. पहिल्यांदाच. म्हटलं, समोरच्या पक्षाचं म्हणणंही एकदा ऐकून घ्यावं.

पडदे ओढले. बटण दाबलं.

आधी मला वाटलं, चित्र लागलंच नाही. नेहमी भिंतीवर उजेडाचा एक चौकोन पडतो, त्याच्या कडा दिसतात. त्या दिवशी कडाच नव्हत्या. चित्रातली भिंत आणि ती ज्या भिंतीवर पडली होती ती भिंत यांच्यात काही फरक उरला नव्हता. एकच भिंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि तिच्यासमोर, माझ्यापासून दहा पावलांवर, ती चालत आली. चित्रात नाही. खोलीत.

चट, चट.

गालांचा रंग बघितला. हाच. गव्हाच्या पोळीला तव्यावर पहिला डाग पडायच्या आधीचा. वहीत कुठल्याच आकड्याने तो लिहिता आला नसता.

"हिरवा म्हणे! अहो, आधी डोळे तपासून घ्या."

ती हसली. मी मनगटावरच्या घड्याळात बघत होतो, सवयीने. अकरा. हसू अजून चालू होतं. बारा. तिने हसणं आवरलं आणि ओठ मिटले, जसं ती पुढचं काही बोलण्याआधी मिटायची. मग उजेड गेला.

बावीस वर्षांपूर्वी मी बटण अकराव्या सेकंदाला दाबलं होतं. त्यापुढचं हसू कुठल्याच फितीवर नाही. कारण ते बघायला तिथे मीही नव्हतो, मी रागाने तोंड फिरवलं होतं.

घड्याळ पुढे असेल. माझा डोळा नवीन आहे. या वयात सेकंद मोजताना चूक होते. मी यंत्र बंद केलं, तार काढली, पडदे बाजूला सारले. फरशी लख्ख पुसलेली होती, कागदाचा कपटा नाही.

मी चहा करायला स्वयंपाकघरात गेलो, आणि मागे, बैठकीच्या खोलीत, चिकटलेला कागद चपलेपासून सुटावा तसा आवाज झाला. एकदाच. चट.

दुधावर मी त्या दिवशी बारकाईने लक्ष ठेवलं. ते करपलं नाही. वळून मात्र बघितलं नाही.

६

रविवारी मुलगी आली ती तपासणी अधिकाऱ्यासारखी. तिने स्वतः 'हिरवा' लावला. फोनवर त्याचा फोटो काढला. पट्टी चिकटवली, सही केली. रिमोट आणि तार स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि रात्री ती पर्स उशीखाली घेऊन झोपली.

"पाकीट नको करायला?" मी विचारलं.

"बाबा, गप्प झोपा."

सोमवारी सकाळी तिने पट्टी उजेडात धरून पाहिली. स्वतःच्या सहीवरून बोट फिरवलं. मग तार जोडली आणि मेनू उघडला. ती काय वाचते आहे ते मला तिच्या पाठीवरून कळलं. तोवर मी सामान बांधायच्या गोष्टी मनात काढत होतो. ही खुर्ची न्यायची, तो माठ ठेवायचा. भिंत नेता येत नाही.

"दाराला कडी होती?" तिने विचारलं.

"तूच लावलीस."

ती खुर्चीवर बसली. "लावा," म्हणाली.

पडदे ओढले. कडा पुसल्या गेल्या. दारातून तिची आई आली आणि मुलगी "आई गं" म्हणाली. कळवळून म्हणतात तसं नाही. हाक मारतात तसं.

"हिरवा म्हणे! अहो, आधी डोळे तपासून घ्या."

हसू. अकरा. बारा. ओठ मिटले. तेरा. तिने एक पाऊल पुढे टाकलं, चट, आणि छातीशी धरलेलं कार्ड सोडवलं. डाव्या हातात धरून ते सावकाश वळवायला लागली. आमच्याकडे. नमुन्यांच्या रंगीत चौकोनांची कड दिसली, मग एका चौकोनापाशी केलेली पेनाची खूण. त्याखाली अक्षरं होती.

मी उठलो आणि यंत्रासमोर हात धरला.

"बाबा, हात काढा!"

"नाही."

"अहो, दाखवतेय ती! हात काढा!"

उजेडाचा सगळा झोत माझ्या तळहातावर पडला होता. तिथे ती होती, बोटाएवढी, पुसट, हातावरच्या रेषांवरून थोडी वाकलेली. अक्षरं वाचता येण्यासारखी नव्हती. चेहरा ओळखता येण्यासारखा होता. हात गरम लागत होता. यंत्राचा दिवा तापतो, हे मला माहीत आहे.

"बाबा, का पण?" मुलगी रडत होती.

"चौतीस वर्षं मी हेच बघितलंय," मी म्हणालो. "प्रकरण निकाली निघालं की फाईल रेकॉर्डला जाते. मग तिच्यासाठी कुणी खेपा घालत नाही."

मी हात तसाच धरून उभा राहिलो. किती वेळ, ते मोजलं नाही. खांदा भरून आला एवढं सांगतो. मग तळहात आपोआप अंधारला.

बऱ्याच वेळाने मुलीने नाक पुसलं. "ते कार्ड तुम्हीच रद्दीत घातलं होतं ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"आईने. त्याच आठवड्यात. तिने घालताना पाहिलं होतं तुम्हाला."

मला खुर्ची शोधावी लागली. "मग काढून का नाही घेतलं तिने? बोलली का नाही काही?"

"मी विचारलं होतं. म्हणाली, राहू दे गं. निवृत्त झाल्यावर भांडायला काहीतरी लागेल त्यांना."

आम्ही दोघंही भिंतीकडे बघत बसलो. मग मुलीने रिमोट उचलला, मेनू उघडला, शेवटच्या ओळीवर गेली आणि कुणी न सांगता 'फिकट हिरवा' लावला. नवीन पट्टी कापली. सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं.

"तुम्हीही करा. दोघांची असू दे."

जाताना दारात ती थांबली. "भाडेकरूला नाही म्हणून कळवते. पण दूध तापत ठेवलं की गजर लावायचा. कबूल?"

"कबूल."

"आणि भिंत निळी आहे, बाबा."

"तू नेहमीच आईच्या बाजूची."

७

डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मी पुढे ढकलली. डॉक्टरांकडच्या अर्जात 'कारण' असा रकाना होता. मी लिहिलं, 'प्रकरण प्रलंबित'. काउंटरवरच्या बाईंनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. शिक्का मारणारी माणसं मला नेहमीच समंजस वाटत आली आहेत.

चित्र मी आता रोज लावत नाही. 'हिरवा' मात्र रोज लावतो.

आज दुपारी पट्टी सोडवायला गेलो. सोमवारी लावलेलीच पट्टी रोज अलगद उचलून पुन्हा चिकटवतो, दोघांच्या सह्या आहेत म्हणून. त्या दोन सह्यांखाली, जिथे साक्षीदाराने सही करायची असते तिथे, एका बोटाचा ठसा होता. रंगाचा. मी करंगळी टेकवून पाहिली.

ओला होता.

मी उजवा डोळा मिटून पाहिलं. मग डावा मिटून पाहिलं. मग दोन्ही मिटून घेतले.

स्वयंपाकघराच्या दारात कागद चपलेला चिकटून सुटला. चट. थोड्या वेळाने पुन्हा, जरा अलीकडे.

"हिरवाच आहे," मी मोठ्याने म्हणालो, आणि डोळे न उघडता उत्तराची वाट बघत बसलो.